इंजिन सुरू होण्याआधीची परीक्षा

अमेरिकेत अवजड वाहनाच्या परवान्याची परीक्षा सुरू होते तेव्हा गाडी जागची हलत नाही. साठ-सत्तर फुटी ट्रेलर आवारात उभा असतो, इंजिन बंद असतं. परीक्षक गुणपत्रक घेऊन दोन पावलं मागे थांबतो आणि उमेदवार गाडीभोवती फिरत, एकेका भागाकडे बोट दाखवत मोठ्यानं बोलू लागतो. हा स्टेअरिंग बॉक्स, घट्ट बसलेला आहे, तेल गळत नाही. हा ब्रेकचा होज, चिरलेला नाही, घासलेला नाही, हवा गळल्याचा आवाज नाही. हे चाकाचे नट, सगळे जागेवर आहेत, एकही सैल नाही. असं कितीतरी भागांबद्दल सांगावं लागतं, आणि तेही इंग्रजीतच. ड्रायव्हिंगची परीक्षा द्यायला आलेले अनेक जण स्टेअरिंगला हात लागण्याआधीच या टप्प्यावर नापास होऊन परत जातात.

या परवान्याला तिथे सीडीएल म्हणतात, म्हणजे कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन्स. अवजड ट्रक, ट्रेलर, प्रवासी बस, शाळेची बस, टँकर यांतलं काहीही चालवायचं तर तो हवाच. त्यासाठी आधी लेखी परीक्षा होते आणि नंतर प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाचे तीन भाग आहेत: गाडीची तपासणी, आवारात गाडी मागे-पुढे घेण्याचं कौशल्य आणि रस्त्यावरचं ड्रायव्हिंग. हा क्रम बदलत नाही. पहिल्या भागात जो अडकला, त्याला पुढचा भाग देता येत नाही.

आपल्याकडे ट्रकचालक घडतो तो बहुतेकदा क्लीनर म्हणून. पोरगा गाडीवर चढतो, काचा पुसतो, टायर ठोकून पाहतो, उस्तादाच्या शेजारी बसून चार-सहा वर्षं घाट आणि धाबे पालथे घालतो आणि एक दिवस स्टेअरिंगवर बसतो. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १९८० च्या दशकापर्यंत कित्येक राज्यांत साध्या कारचा परवाना असलेला माणूस कायद्यानं अठरा चाकी ट्रेलर चालवू शकत असे. त्यातच आणखी एक पळवाट होती. एकच चालक तीन-चार राज्यांचे परवाने खिशात ठेवायचा आणि गुन्हे त्यांच्यावर वाटून टाकायचा. एका राज्यानं परवाना रद्द केला की दुसऱ्या राज्याचा बाहेर निघायचा. या दोन्ही गोष्टी बंद करण्यासाठी २७ ऑक्टोबर १९८६ रोजी केंद्रीय कायदा झाला. एका चालकाला एकच परवाना मिळेल आणि तो ज्या प्रकारची गाडी चालवणार त्याच प्रकारच्या गाडीवर परीक्षा द्यावी लागेल, असं ठरलं. १ एप्रिल १९९२ पासून सीडीएलशिवाय अवजड गाडी चालवणं बेकायदा झालं.

कायदा झाला, परीक्षा आली. पण परीक्षा विकत घेता येत असेल तर काय होतं, हे दोनच वर्षांत दिसलं.

मिलवॉकीजवळचा महामार्ग

८ नोव्हेंबर १९९४. विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ एका ट्रकच्या मागच्या दिव्याचा आणि चिखलरोधक पट्टीचा जोड सुटून रस्त्यावर पडला. मागून येणारी एका कुटुंबाची व्हॅन त्यावरून गेली. लोखंडानं इंधनाची टाकी फोडली आणि गाडीनं पेट घेतला. आई-वडील वाचले, त्यांची सहा मुलं गेली.

चौकशीत जे बाहेर आलं त्यानं इलिनॉय राज्य हादरलं. तो भाग लोंबकळतो आहे हे इतर ट्रकचालकांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी रेडिओवरून इशाराही दिला होता. चालकाला तो इंग्रजी इशारा समजला नाही. त्याचा परवाना इलिनॉयमधला होता आणि तिथल्या परवाना कार्यालयांत लाच घेऊन सीडीएल वाटले जात होते. त्या पैशातला काही भाग वरिष्ठांच्या निवडणूक निधीत जात होता. ‘ऑपरेशन सेफ रोड’ नावानं केंद्रीय तपास अनेक वर्षं चालला. ७९ जणांवर आरोप ठेवले गेले, ७६ जण दोषी ठरले. त्या काळात परवाना खात्याचे प्रमुख असलेले आणि पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले जॉर्ज रायन २००६ मध्ये दोषी ठरले आणि साडेसहा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले.

या घटनेकडे पाहिलं की परीक्षेच्या पहिल्या भागाचं वजन कळतं. उमेदवार ट्रेलरच्या मागे जाऊन ‘चिखलपट्टी घट्ट बसलेली आहे, दिवा तुटलेला नाही’ असं म्हणतो तेव्हा त्याला केवळ एक गुण मिळतो. पण तेच वाक्य त्या सकाळी कुणी खरोखर पाहून म्हटलं असतं, तर सहा मुलं वाचली असती. ही परीक्षा अवघड वळणं घेता येतात का एवढंच पाहत नाही. कुणी पाहत नसतानाही हा माणूस थांबेल का, खाली उतरेल का, हात लावून खात्री करेल का, हे ती पाहू बघते. म्हणून तिची तयारीही सवयीची तयारी असायला हवी. पाठांतर त्यात येतं, पण तिथे संपत नाही.

परवान्याच्या आधीचा रस्ता

सीडीएलचे तीन वर्ग आहेत. एकूण क्षमता २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो किंवा त्याहून जास्त, आणि मागे जोडलेला ट्रेलर १०,००० पौंडांपेक्षा जड असेल तर ‘ए’ वर्ग. तेवढ्याच वजनाची पण एकसंध गाडी, म्हणजे मोठी बस किंवा डंपर, असेल तर ‘बी’. त्याहून लहान पण चालकासह सोळा किंवा जास्त माणसं बसणारी, अथवा धोकादायक माल नेणारी गाडी असेल तर ‘सी’. वयाची अट दुहेरी आहे. राज्याच्या हद्दीत चालवायला अठरा वर्षं पुरतात, हद्द ओलांडायची तर एकवीस लागतात. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहनासाठी वीस वर्षं पूर्ण लागतात.

पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. चष्म्यासह असो वा चष्म्याविना, नजर ठरावीक मापाची हवी. पाच फुटांवरून दाबून कुजबुजलेलं ऐकू आलं पाहिजे. रक्तदाब तपासतात. हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं आणि रक्तदाब जास्त निघाला तर मुदत आणखी कमी होते. त्यानंतर लेखी परीक्षा. तिच्यात ८० टक्के गुण मिळाले की शिकाऊ परवाना मिळतो. तो हातात पडल्यापासून किमान चौदा दिवस प्रात्यक्षिक परीक्षा देता येत नाही. या काळात सीडीएलधारक शेजारी बसलेला असेल तरच गाडी रस्त्यावर न्यायची.

७ फेब्रुवारी २०२२ पासून आणखी एक अट आली. पहिल्यांदा ‘ए’ किंवा ‘बी’ वर्गाचा परवाना घेणाऱ्यानं सरकारी नोंदणीत असलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घेतलं पाहिजे. संस्थेनं पूर्ण झाल्याची नोंद केल्याशिवाय परीक्षेची तारीख मिळत नाही. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की या नियमात तासांचा किमान आकडा नाही. उमेदवाराला प्रत्येक गोष्ट जमली असं प्रशिक्षकानं ठरवायचं, एवढंच. अनेक शाळा चार आठवड्यांचा, १६० तासांचा अभ्यासक्रम ठेवतात. शेजारच्या कॅनडात मात्र तास ठरलेले आहेत. ओंटारिओनं २०१७ मध्ये १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. सस्कॅचवान प्रांत जागा झाला तो ६ एप्रिल २०१८ च्या अपघातानंतर. एका चौकात थांबण्याची पाटी ओलांडून ट्रक पुढे आला आणि तरुण हॉकीपटूंची बस त्यावर आदळली. सोळा जण गेले. ट्रक चालवणारा भारतातून आलेला तरुण होता. त्याचं प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं आणि नोकरी काही आठवड्यांची होती. पुढच्याच वर्षी त्या प्रांतात १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं.

बोट, नाव, अवस्था

गाडीच्या तपासणीची तयारी बहुतेक जण यादी पाठ करून करतात. यादी लांबलचक असते, म्हणून प्रशिक्षक गाडीचे भाग पाडून देतात: इंजिन, पुढचा अॅक्सल, चालकाच्या दाराची बाजू, मागची चाकं, जोड, ट्रेलर, दिवे. फिरण्याचा क्रम एकदा ठरवला की बदलायचा नाही. पाय पुढे सरकले की पुढचा भाग आपोआप आठवतो. घरी गाडी नसते, म्हणून शिकाऊ मंडळी फोटो काढून भिंतीवर लावतात आणि घरच्यांसमोर मोठ्यानं म्हणून पाहतात. मनातल्या मनात आठवणं वेगळं आणि परक्या माणसासमोर, परक्या भाषेत, थंडीवाऱ्यात उभं राहून बोलणं वेगळं. तोंडाला वळण लागेपर्यंत मोठ्यानंच म्हणावं लागतं.

प्रत्येक भागाचं नुसतं नाव घेऊन भागत नाही. त्याला बोट लावायचं किंवा दाखवायचं, नाव घ्यायचं आणि त्याची अवस्था सांगायची. धातूच्या बहुतेक भागांसाठी एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: ‘सिक्युअर्ली माउंटेड, नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन’. नवशिक्याला हे वाक्य तारून नेतं, पण तेच कधी घात करतं. रबरी होज वाकलेला नाही आणि तुटलेला नाही असं म्हणून चालत नाही. तो झिजला आहे का, हवा गळते का, हे सांगावं लागतं.

एक चाक जवळून पाहू. पुढच्या टायरची नक्षी किमान एक अष्टमांश इंच खोल हवी, बाकीच्या टायरना त्याच्या निम्मी चालते. टायरवर घासल्याच्या खुणा, फुगवटा, चिरा नकोत. हवा दाबमापकानंच पाहायची, लाथ मारून नाही. रिम वाकलेली नको, वेल्डिंगनं जोडलेली तर नकोच. हबमधलं ऑइल सील गळत नाही ना, ते पाहायचं. मग नट. नटाखालून गंजाचा ओघळ रिमवर उतरलेला दिसला किंवा बोल्टचे आटे चकचकीत दिसले, तर नट सैल होऊन हलत आहे असं समजायचं. जुना क्लीनर हीच गोष्ट हातातल्या पान्यानं ठोकून आवाजावरून ओळखतो. इथे ती शब्दांत सांगावी लागते.

जोडाची तपासणी हा ट्रेलरवाल्यांचा खास भाग. पुढचा घोडा, म्हणजे ओढणारा ट्रक, आणि मागचा ट्रेलर एका जाड पिनवर जोडलेले असतात. ती पिन घोड्याच्या पाठीवरच्या गोल लोखंडी पाटात जाऊन बसते आणि तिच्याभोवती जबडे बंद होतात. उमेदवारानं वाकून, टॉर्च मारून पाहायचं असतं: जबडे पिनच्या मागून पूर्ण बंद झाले आहेत का, पाट आणि ट्रेलरचा तळ यांच्यात फट तर नाही ना, सोडवण्याचा दांडा आत बसलेला आहे का. फट दिसली तर जोड लागलेलाच नाही, आणि असा ट्रेलर पहिल्या वळणावर रस्त्यात सुटू शकतो.

हवेची एक मिनिटाची शांतता

तपासणीतला सगळ्यात धोक्याचा भाग केबिनमध्ये असतो. बहुतेक अवजड गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा चाकांपर्यंत जाऊन ब्रेक लावते. हँडब्रेकचं मात्र उलटं आहे. तिथे दणकट स्प्रिंग ब्रेक आवळून धरते आणि हवेचा दाब तिला मागे रेटतो. म्हणून हवा पार गेली तर गाडी मोकळी सुटत नाही, स्वतःहून जखडते.

हे सगळं ठीक आहे की नाही ते तीन पायऱ्यांत दाखवायचं. चाकांना अडसर लावून, टाकी भरून, इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून पेडल पूर्ण दाबायचं आणि एक मिनिट तसंच धरायचं. ट्रेलर जोडलेला असेल तर या मिनिटात दाब ४ पौंडांपेक्षा जास्त उतरता कामा नये, एकसंध गाडीत ३ पौंडांपेक्षा. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करायची. दाब पंचावन्नाच्या खाली जाण्याआधी धोक्याचा दिवा लागला पाहिजे, बझर वाजला पाहिजे. आणखी हवा सोडली की ४५ ते २० च्या दरम्यान हँडब्रेकची बटणं आपोआप बाहेर उडाली पाहिजेत.

यातली एक पायरी चुकली, क्रम उलटा झाला किंवा आकडा चुकीचा सांगितला तर उमेदवार थेट नापास होतो. बाकी शंभर भाग अचूक सांगितले असले तरी इथे सूट नाही. इतकी कडक शिक्षा का, ते घाट उतरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून अनुभवी प्रशिक्षक शिकाऊ चालकाला रोज सकाळी गाडी हलवण्याआधी ही तपासणी करायला लावतात. परीक्षेच्या दिवशी ती नवी वाटता कामा नये.

मागे जाणं

आवारातला भाग वरवर खेळासारखा दिसतो. शंकूंच्या दोन रांगा, मध्ये गल्ली, आणि ट्रेलर सरळ मागे न्यायचा. मग एका गल्लीतून शेजारच्या गल्लीत, मग समांतर पार्किंग, मग गोदामाच्या दारावर लावतात तसं काटकोनात. कुठल्या राज्यात कोणते प्रकार, ते परीक्षक सांगतो.

अडचण एकच, पण मोठी आहे. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलटं चालतं. ट्रेलरचं ढुंगण डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे वळवावं लागतं. ऊस भरलेली ट्रॉली साखर कारखान्याच्या आवारात मागे लावणाऱ्या आपल्या ट्रॅक्टरचालकाच्या हातात हे बसलेलं असतं. कारवरून आलेल्या माणसाचा हात मात्र पहिले कितीतरी दिवस चुकीकडेच जातो. शिकवणारे दोन युक्त्या देतात. स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेवायचा. मग हात ज्या दिशेला जाईल त्याच दिशेला ट्रेलर जातो. दुसरी युक्ती आरशाची. सरळ मागे जाताना ज्या आरशात ट्रेलर मोठा दिसू लागेल, त्या बाजूला स्टेअरिंग थोडंसं वळवायचं की तो पुन्हा रांगेत येतो. सगळं अगदी सावकाश, अॅक्सिलरेटरला पाय न लावता. चूक लवकर दिसली तर थोडक्यात सुधारते. उशिरा दिसली तर घोडा आणि ट्रेलर यांच्यात कोन इतका वाढतो की पुढे जाऊन सरळ होण्यावाचून उपाय राहत नाही.

आणि पुढे जाण्याची मुभा आहे. शंकूला धक्का लागला किंवा रेषा ओलांडली तर गुण जातात, पण पुढे जाऊन गाडी पुन्हा सरळ करायला पहिल्या एक-दोन वेळा माफी असते. एवढंच नाही, तर गाडी थांबवून खाली उतरून पाहण्याचीही परवानगी आहे. सरळ मागे जाताना एकदा, बाकीच्या प्रकारांत दोनदा. नवशिके या परवानगीचा फायदा घेत नाहीत. परीक्षकासमोर उतरणं म्हणजे जमत नसल्याची कबुली, असं त्यांना वाटतं. चांगला प्रशिक्षक नेमकं इथेच बोट ठेवतो. मागे काय आहे ते दिसत नसेल तर उतरून पाहणं हेच कौशल्य आहे. गोदामांच्या आवारात मागे घेताना होणारे अपघात अनेकदा आरशात न दिसलेल्या गोष्टींमुळे होतात.

उतरण्याचीही परीक्षा असते. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, तोंड गाडीकडे, आणि दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात असे तीन आधार कायम पकडलेले. केबिनमधून उडी मारली तर तिथेच नापास करता येतं. ज्या ट्रकचालकांचे गुडघे आणि घोटे चाळिशीतच गेले आहेत, त्यांना या नियमाचा अर्थ चांगला कळतो.

रस्त्यावर

तिसऱ्या भागात परीक्षक शेजारी बसतो आणि गाडी शहरातून, महामार्गावरून, चढ-उतारांवरून जाते. वेग, आरसे, इंडिकेटर, लेन या गोष्टी तर आहेतच. पण लांब गाडीची स्वतःची गणितं आहेत.

वळणावर ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या बाजूनं कापतात. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून उजवं वळण घेताना चाक फुटपाथवर चढण्याचा धोका. ते टाळायला आधीच डावीकडे सरकायचं नाही, कारण उजवीकडे मोकळी जागा दिसली की मागचा कारवाला तिथे घुसतो. सरळ पुढे जायचं आणि वळण पूर्ण करताना रुंद घ्यायचं. चाक फुटपाथवर चढलं की परीक्षा तिथेच संपू शकते.

दुसरं गणित थांबण्याचं. ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगानं जाणारी लादलेली गाडी चालकाला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत ४१९ फूट जाते. त्यातले दोनशे फूट ब्रेक लागण्याआधीच सरतात, डोळ्यांना कळण्यात आणि पाय हलण्यात. हवेच्या ब्रेकला चाकापर्यंत पोहोचायला लागणारा क्षणार्ध यात धरलेला नाही. तो धरला की आकडा साडेचारशे फुटांवर जातो. भरलेल्या ट्रेलरचं वजन महामार्गावर ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांवर असू शकतं. म्हणूनच अंतराचा हिशेब गाडीच्या लांबीवर केला जातो. दर दहा फुटांना एक सेकंद आणि वेग चाळीस मैलांहून जास्त असेल तर आणखी एक. साठ फुटी गाडीनं पुढच्या गाडीपासून सात सेकंदांचं अंतर ठेवायचं. मुंबई-पुणे मार्गावर कुणी इतकं अंतर सोडलं तर त्यात तीन गाड्या घुसतील, हे खरं. तरी ट्रेलर थांबायला जेवढं अंतर लागतं, तेवढं लागतंच.

काही प्रश्न नजर तपासण्यासाठी असतात. पुलाखालून गाडी गेली की परीक्षक विचारू शकतो, पाटीवर उंची किती लिहिली होती? पूल ओलांडला की, वजनाची मर्यादा किती होती? साडेतेरा फूट उंचीचा ट्रेलर नेणाऱ्या माणसाला ही पाटी न दिसणं परवडत नाही. रेल्वे फाटकाशी वेग कमी करून दोन्ही बाजूंना पाहायचं, ऐकायचं. गाडीचा एकही भाग रुळांवर असताना थांबायचं नाही आणि गिअर बदलायचा नाही. प्रवासी बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांनी रुळांपासून पन्नास ते पंधरा फुटांच्या दरम्यान थांबायलाच हवं.

भाषा आणि गाडी

प्रात्यक्षिकात दुभाषा चालत नाही. परीक्षक आणि उमेदवार दोघांनीही इंग्रजीतच बोलायचं, असा केंद्रीय नियम आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं या अटीची अंमलबजावणी कडक झाली आणि २५ जूनपासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी न येणाऱ्या चालकाला जागीच गाडीवरून उतरवलं जाऊ लागलं. अमेरिकेच्या ट्रकव्यवसायात पंजाबी माणसं मोठ्या संख्येनं आहेत, त्यांना याची झळ थेट बसली. भारतातून तिथे जाऊन हा व्यवसाय धरू पाहणाऱ्या कुणीही गाडीच्या सरावाइतकाच वेळ भाषेला द्यायला हवा. व्याकरण बिनचूक नसलं तरी चालेल. सूचना एका दमात समजली पाहिजे आणि भागांची नावं न अडखळता तोंडून आली पाहिजेत.

परीक्षेला कोणती गाडी न्यायची, हा निर्णयही आधीच घ्यावा लागतो, कारण परवान्यावर त्याची छाप पडते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली तर हातानं गिअर बदलायच्या गाडीवर मनाई. हवेचे ब्रेक नसलेली गाडी नेली तर एअरब्रेकच्या गाडीवर मनाई. घोडा-ट्रेलरऐवजी साध्या जोडाची गाडी नेली तर घोडा-ट्रेलरवर मनाई. चार आठवडे शिकून घाईत मिळालेली सोपी गाडी पुढे कित्येक नोकऱ्यांची दारं बंद करते. परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडीची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं, शिकाऊ परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तपासून घ्यावं. गाडीचे दिवे आणि हॉर्न चालू आहेत ना तेही पाहावं. बिघडलेल्या गाडीवर परीक्षा घेतली जात नाही.

आपल्याकडेही परीक्षा कडक करण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुण्याजवळ भोसरीत केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेत एसटीच्या चालकपदासाठी संगणकाच्या नजरेखाली गाडी चालवून दाखवावी लागते. पण गाडीभोवती फिरून एकेक भाग तपासून दाखवण्याला आपल्या परवाना परीक्षेत म्हणावं तसं वजन नाही. अवजड गाडीची परीक्षा कशी असावी हे ठरवणाऱ्यांनी सीडीएलचा हा पहिला भाग नीट अभ्यासला पाहिजे. त्यासाठी मोठा ट्रॅक लागत नाही, कॅमेरे लागत नाहीत. तपासणीची यादी आणि ती गंभीरपणे घेणारा परीक्षक, एवढं पुरतं.

अमेरिकेत ही परीक्षा आता बदलते आहे. राज्यांच्या वाहन अधिकाऱ्यांच्या संघटनेनं २०२२ मध्ये तिचं नवं रूप आणलं आणि काही राज्यांनी ते स्वीकारलं. त्यात तपासायच्या भागांची संख्या कमी केली आहे आणि उमेदवाराला हातात यादी ठेवता येते. शंभर नावं घोकून आलेला माणूस नंतर गाडी तपासेलच असं नाही, हे त्यामागचं कारण. कामावर रुजू झाल्यावर बहुतेक कंपन्या नव्या चालकाला काही आठवडे जुन्या चालकाबरोबर पाठवतात. तिथून पुढे रोज गाडी हलवण्याआधी ती सुरक्षित असल्याची खात्री करून घेणं ही कायद्यानं त्याची स्वतःची जबाबदारी असते. आदल्या चालकानं दोष नोंदवला असेल, तर दुरुस्ती झाल्याचा कागद वाचून त्यावर त्यानं सही करायची आणि मगच गाडी बाहेर काढायची.